मांजर चावलं, मांजर मेलं, तिसरा दिवस उजाडला: आता जाऊन उपयोग आहे का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. घरची मांजरी दोन दिवस दुधाला तोंड लावत नव्हती. चुलीमागच्या लाकडांत जाऊन बसली होती, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. सहा वर्षांच्या मुलानं तिला बाहेर काढायला हात घातला आणि ती त्याच्या बोटाला कडकडून चावली. ही रविवारची संध्याकाळ. आज्जीनं हळद दाबली. सोमवारी जवळच्या डॉक्टरांनी सुई दिली, गोळ्या दिल्या. मंगळवारी मांजरी मेली, परसात पुरली. आज बुधवार. घरात कुणी म्हणतं सुई झालीय, आता काळजी नाही. आज्जी म्हणते कुत्र्याचं पिसाळणं वेगळं, मांजराला तसलं काही होत नाही. आणि ताई विचारतात, तीन दिवस गेले, आता जाऊन उपयोग आहे का?

ताई, उपयोग आहे. आजच जा. पहिल्या गाडीनं निघा, बाकीचं गाडीत बसून वाचा. निघण्याआधी एकच काम करायचं: मुलाचं बोट वाहत्या पाण्याखाली धरून साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं. हो, तिसऱ्या दिवशीसुद्धा.

मी बेळगावात लहान मुलांना तपासते, सत्तावीस वर्षं झाली. या काळात चाव्यांची मुलं शेकड्यांनी बघितली आणि त्यातली बहुतेक सगळी आज धडधाकट आहेत, कारण ती वेळेवर आली. हे आधी सांगते, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून तुमचे हातपाय गळायला नकोत. रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची, लक्षणं एकदा सुरू झाली की औषध नाही, माणूस जवळजवळ नक्की जातो. पण लक्षणं दिसायच्या आधी पूर्ण उपचार झाले तर हाच रोग जवळजवळ शंभर टक्के टळतो. चावल्यापासून लक्षणं सुरू होईपर्यंत साधारण एक ते तीन महिने जातात. कधी आठवड्याभरात सुरू होतात, कधी वर्षही लागतं. आपल्याला मिळालेली सवड ती एवढीच, आणि तुमच्या मुलाची अजून शिल्लक आहे.

आता त्या सुईबद्दल. सोमवारी दिली ती धनुर्वाताची सुई असणार, लोक तिला टीटी म्हणतात. ती द्यायलाच हवी होती, दिली ते चांगलं झालं. पण तिचा रेबीजशी काडीचा संबंध नाही. आपल्या भागात माझ्या अनुभवानं सगळ्यात जास्त घात होतो तो इथंच. 'सुई मारली काय? मारली' एवढ्यावर घर निश्चिंत होतं. कसली सुई, ते कुणी विचारत नाही. गोळ्यांचंही तेच. मांजराचे दात सुईसारखे बारीक आणि लांब असतात, वरून ठिपका दिसतो पण जखम आत खोल गेलेली असते आणि ती लवकर पिकते, म्हणून अँटिबायोटिक देतात. त्या गोळ्या पूर्ण करा. बोट सुजलं, लाल झालं, वाकवता येईना, तर तेही आज दाखवा. पण रेबीजच्या विषाणूवर त्या गोळ्यांचा काही परिणाम नाही.

आज्जींना माझ्याकडून सांगा की मांजराला रेबीज होतो. माणसाला हा रोग बहुतेक वेळा कुत्र्याकडून येतो, म्हणून नाव कुत्र्याचं झालं. पिसाळलेलं कुत्रं मांजराला चावतं आणि मांजर घरी येऊन पोराच्या अंथरुणात झोपतं. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जंगल लागून आहे, तिथं कोल्हा आणि मुंगूस यांच्याकडूनही येऊ शकतो. रेबीज झालेलं मांजर एक तर एकदम अंगावर येतं, नाही तर अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसतं, खातपीत नाही, लाळ गाळतं आणि हात लावला की चावतं. तुम्ही जे वर्णन केलंत ते मला अजिबात आवडलेलं नाही. मांजराला लाळ गळायची दुसरी कारणंही असतात, तोंडात काटा रुतलेला असेल, विष पोटात गेलं असेल. पण आता मांजरी नाही, विचारायचं कुणाला? अशा वेळी ती पिसाळलेलीच होती असं धरून चालायचं.

दहा दिवस जनावरावर नजर ठेवायची, असं तुम्ही ऐकलं असेल. तो नियम खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो. तो फक्त कुत्रा आणि मांजर यांच्यापुरता आहे, आणि त्यातही उपचार पहिल्या दिवशीच सुरू करायचे असतात. दहा दिवसांनी जनावर ठणठणीत असेल तर पुढच्या डोसांत बदल करायचा का ते डॉक्टर ठरवतात, एवढाच त्या नजरेचा उपयोग. 'बघू काय होतंय' म्हणत थांबायची परवानगी त्यात नाही. आणि जनावर मेलं, पळालं किंवा कुणी मारून टाकलं, तर कोर्स पूर्णच करायचा.

आता धुण्याचं नीट सांगते, कारण हे घरात होतं आणि फुकट होतं. विषाणूच्या अंगावर चरबीचं पातळ आवरण असतं. तुपाची कढई नुसत्या पाण्यानं निघत नाही, साबण लागला की तूप सुटतं, तसंच साबणानं ते आवरण सुटतं आणि विषाणू मरतो. म्हणून साबण कुठला, हा प्रश्न गौण. अंगाचा, कपड्याचा, कुठलाही चालेल. न्हाणीत मोरीजवळ मुलाला मांडीवर घ्या, बोट नळाखाली धरा. नळ नसेल तर एकानं तांब्यानं संथ धार धरायची. फेस करा, जखमेचं तोंड हलक्या हातानं उघडं ठेवा, धार आत जाऊ द्या, पुन्हा साबण लावा. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पोरगं रडेल, पाच मिनिटांत तुम्हाला वाटेल बास झालं. बास झालेलं नसतं. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक असेल तर लावा, नसेल तर तसंच निघा. पट्टी बांधू नका.

हळद, चुना, तिखट, तंबाखूची पूड, कॉफी पावडर, रॉकेल, हे सगळं मी जखमांवर बघितलंय आणि प्रत्येक वेळी आधी ते धुऊन काढण्यात वेळ गेलाय. तिखटानं आणि चुन्यानं मांस भाजतं, जखम वाढते, आणि आतली मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात. विषाणू नेमका त्याच टोकांतून आत शिरतो. रक्तातून तो पसरत नाही, म्हणून वर दोरी आवळून बांधल्यानंही काही होत नाही. मज्जातंतू धरून हळूहळू मेंदूकडे सरकतो. बोटांच्या टोकांना, चेहऱ्याला, मानेला असे तंतू दाट असतात. शिवाय सहा वर्षांच्या पोराचा हात केवढा? वाट आखूडच.

दवाखान्यात काय मागायचं ते आता. गोष्टी दोन आहेत, एक लस आणि एक सीरम. तुमच्या मुलाचं कातडं फाटून रक्त आलंय, म्हणून हा तिसऱ्या श्रेणीचा चावा धरतात. पहिली श्रेणी म्हणजे जनावरानं धडधाकट कातडं चाटलं किंवा आपण त्याला हात लावला, त्यात धुण्यापलीकडे काही लागत नाही. दुसरी म्हणजे रक्त न येता ओरबाडलं, त्यात लस. तिसरीत लस आणि सीरम, दोन्ही.

लस शरीराला शिकवते. शिकून आपल्या अंगात संरक्षण तयार व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत विषाणू तंतूत शिरला तर? म्हणून सीरम. सीरम म्हणजे तयार संरक्षण, ते थेट जखमेत भरायचं, विषाणू जिथं आहे तिथंच त्याला धरायचं. दवाखान्यात त्याला रेबीज इम्युनोग्लोब्युलिन किंवा आरआयजी म्हणतात. घोड्याच्या रक्तापासून केलेलं असेल तर वजनाच्या दर किलोला ४० युनिट, माणसाच्या रक्तापासून केलेलं असेल तर २० युनिट. तुमचा मुलगा १८ किलोचा धरला तर घोड्याचं ७२० युनिट, म्हणजे नेहमीच्या कुपीतलं सव्वादोन-अडीच मिली होतं. आता मोनोक्लोनल अँटिबॉडीची, म्हणजे प्रयोगशाळेत केलेल्या तशाच तयार संरक्षणाचीही इंजेक्शनं मिळतात, तीही चालतात. घोड्याच्या सीरमनं क्वचित ॲलर्जी येते, त्यासाठी दिल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतात. त्या भीतीनं सीरम नाकारू नका.

बोटात सीरम देणं सोपं नसतं. बोटात जागा ती किती! दाताच्या प्रत्येक भोकाच्या कडेनं बारीक सुई घालून थेंबथेंब सोडावं लागतं, घाई केली तर बोट पांढरं पडतं, रक्त अडतं. दोन माणसांनी मुलाला धरायचं, बापानं डोकं आपल्या छातीशी घ्यायचं. मी मुलाशी बोलत राहते, शाळेचं, बैलांचं, काहीबाही. दुखतं, ते खोटं सांगत नाही. मुलाला 'काही नाही, मुंगी चावणार' म्हणून नेऊ नका, पुढं आणखी तीन वेळा त्याला यायचंय. आणि सीरम कमरेत दिलं तर मुख्य काम होत नाही, ते जखमेत जायला हवं. जितकं जखमेत मावेल तितकं जखमेत. उरलेल्याचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. जखमेला शक्यतो टाका घालायचा नसतो, घालावाच लागला तर सीरमनंतर.

एक अट लक्षात ठेवा. लशीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत सीरम द्यावं लागतं, नंतर नाही. तुमचा पहिला डोस अजून झालेलाच नाही, त्यामुळं आज दोन्ही एकदम मिळाली तर उत्तम. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस असेल पण सीरम नसेल, तर लस तिथंच घ्या आणि सीरमसाठी त्याच दिवशी पुढं निघा, खानापूरला नाही तर बेळगावच्या सिव्हिलला, म्हणजे आताच्या बिम्सला. जायच्या आधी १०४ ला फोन करून विचारता येतं, ती कर्नाटकातली आरोग्य सहाय्यवाणी आहे. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते.

आणि भाषेचं. आपल्याकडच्या बायका कन्नड येत नाही म्हणून काउंटरपाशी गप्प उभ्या राहतात, मी हे रोज बघते. 'बेक्कु कच्चिदे' एवढं म्हणा, म्हणजे मांजर चावलंय. पुढं 'रेबीज व्हॅक्सिन' आणि 'सीरम' हे शब्द सगळ्यांना कळतात. केसपेपर कन्नडमध्ये असेल तर तिथल्या नर्सताईंना विनंती करून तारखा आकड्यांत लिहून घ्या. लशीचं नाव, कातडीत दिली की स्नायूत, आणि सीरम दिलं की नाही, हेही लिहून घ्या.

कागदाचा आग्रह मी का धरते? आपली माणसं सीमेच्या दोन्ही बाजूंना असतात. पहिला डोस खानापुरात, दुसऱ्या वेळी आई मुलाला घेऊन चंदगडला माहेरी, तिसऱ्याला काकाकडे कोल्हापूरला. चालतं, डोस कुठल्याही राज्यात घ्या, लशीची कंपनी बदलली तरी चालते, पण कागद हवा. कागद नसला की पुढच्या डॉक्टरला अंदाजानं ठरवावं लागतं.

सरकारी दवाखान्यात बहुतेक वेळा लस कातडीत देतात. आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, दर वेळी दोन दंडांवर एकेक, ०.१ मिली. आजचा दिवस शून्य धरायचा. बरोबर दिली की कातडीवर हरभऱ्याच्या डाळीएवढा फुगवटा येतो आणि तो थोड्या वेळानं जिरतो. खासगीत स्नायूत देतात, मग पाच डोस: ०, ३, ७, १४ आणि २८. सहा वर्षांच्या मुलाला दंडात. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात. कमरेत कधीच नाही, तिथल्या चरबीत ही लस नीट काम करत नाही. एखादी तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, लक्षात येईल त्या दिवशी जाऊन पुढचा डोस घ्यायचा.

पोटातल्या चौदा सुयांची भीती अजून गेलेली नाही. आज्जींच्या पिढीनं त्या बघितल्यात, मेंढ्याच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस होती, ती आपल्या देशात वीस वर्षांपूर्वी बंद झाली. आताच्या लशीनं दंड दुखतो, कधी कणकण येते, एवढंच. पथ्य कसलंही नाही. वांगं, अंडी, मटण, गूळ, सगळं खाऊ द्या. चावलेली बाई गरोदर असली किंवा अंगावर पाजत असली तरी लस घ्यायचीच.

उशिराबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. १८८५ सालच्या जुलैत आल्सास भागात, जो आज फ्रान्समध्ये आहे पण तेव्हा जर्मनीकडे होता, नऊ वर्षांच्या योसेफ माइस्टरला पिसाळलेलं कुत्रं चावलं, एका ठिकाणी नाही, अनेक ठिकाणी. त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे गेली. चावा ४ जुलैचा, पहिली सुई ६ जुलैची. लशीच्या तेरा सुया दिल्या, सीरम तर तेव्हा नव्हतंच. पोरगा जगला. तुमच्या हातात त्याच्यापेक्षा कितीतरी चांगली औषधं आहेत. नियमही असाच आहे: चावून दिवस गेले, आठवडे गेले, तरी लक्षणं नसतील तर उपचार सुरू करायचेच. फक्त जाणूनबुजून एक तासही घालवू नका.

दुसरी गोष्ट माझ्या शिकायच्या दिवसांतली आहे, मनाविरुद्ध सांगते. एका सरकारी रुग्णालयात मी रात्रपाळीला होते. सीमाभागातल्याच खेड्यातली आठ वर्षांची मुलगी आणली. दीड महिन्यापूर्वी घरच्या मांजरानं गालाला चावलं होतं. चुना लावला होता, आणि गावातल्या एका दवाखान्यात टीटीची सुई झाली होती. तेवढंच. मुलगी शुद्धीत होती, माझ्याशी बोलत होती, तहान लागलीय म्हणत होती. आईनं फुलपात्रात पाणी दिलं. मुलीनं हात पुढं केला, भांडं ओठांशी नेलं आणि तिच्या गळ्याचे स्नायू असे आवळले की भांडं हातातून उडालं. तिला पाणी हवं होतं, ताई. पिता येत नव्हतं. नंतर पंख्याच्या वाऱ्यानंही तसंच व्हायला लागलं, आम्ही पंखा बंद केला. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिची आई मला एकच विचारत होती, सुई तर दिली होती ना? त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा देऊ शकले नाही, म्हणून आज तुम्हाला एवढं लांबलचक लिहितेय.

कर्नाटकात २०२२ पासून माणसाचा रेबीज कळवण्याजोगा आजार आहे, म्हणजे संशय आला तरी डॉक्टरनं सरकारला कळवायचं. बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार व्हायची, आणि देवीचा रोग जगातून गेला. तो फक्त माणसांत राहत होता, म्हणून जाऊ शकला. रेबीज जनावरांत राहतो, म्हणून माणसाला प्रत्येक चाव्याचा उपचार वेगळा घ्यावा लागतो.

मांजरी पुरलीय ती उकरू नका. मेंदू तपासून निदान करता येतं, बेंगळुरूला हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तशी प्रयोगशाळा आहे, पण त्या उत्तराची वाट बघत उपचार थांबवायचे नसतात. ज्यानं तिला उचलून पुरलं त्यानं हातमोजे घातले नसतील तर हात साबणानं धुवावेत, आणि हाताला कापलेलं-खरचटलेलं असून लाळ लागली असेल तर त्यानंही मुलाबरोबर दवाखान्यात यावं. तिला चमच्यानं दूध पाजायचा प्रयत्न कुणी केला होता का, आठवून बघा; केला असेल तर त्यालाही हेच लागू. घरात दुसरं मांजर किंवा कुत्रं असेल तर १९६२ ला फोन करा, ती जनावरांच्या दवाखान्याची गाडी आहे, आणि पुढं काय करायचं ते पशुवैद्यांना विचारा. नवीन पिल्लू आणलंत तर तीन महिन्यांचं झाल्यावर त्याला रेबीजची लस द्या आणि दर वर्षी देत राहा.

मुलाला रागावू नका. लाकडांत हात का घातलास म्हणून मार बसला तर पुढच्या वेळी तो चावा लपवेल, आणि लपवलेले चावे आमच्याकडे उशिरा येतात. त्याला एवढंच सांगा की जनावरानं चावलं, ओरबाडलं किंवा जखमेवर चाटलं तर लगेच घरी सांगायचं. कोर्स पूर्ण झाल्याचा कागद जपून ठेवा. पुढं पुन्हा कधी चावा झाला तर त्याला दोनच डोस लागतील, ० आणि ३ दिवसांचे, सीरम लागणार नाही.

आणि मांजरी शेजारच्या घरात जायची का? तिथल्या मुलांना गेल्या आठ-दहा दिवसांत ती चावली किंवा ओरबाडली असेल, तर त्यांच्या आईला आज जाताना सांगून जा. जमलं तर बरोबरच घेऊन जा.